हाडांतील वेदनेचा इतिहास

मराठी भाषेने हाडाला मोठा मान दिला आहे. एखादा मनुष्य आपल्या कामात मुरलेला असला म्हणजे त्याला हाडाचा शेतकरी किंवा हाडाचा शिक्षक म्हणावयाचे. एखादी सवय सुटेनाशी झाली की ती हाडीमाशी खिळली असे म्हणावयाचे. आणि ज्याने आयुष्यभर कष्ट उपसले, त्याने हाडाची काडे केली असे सांगावयाचे. या साऱ्या प्रयोगांत हाड म्हणजे शरीरातील सर्वांत टणक, सर्वांत अचल असा भाग, ही कल्पना गृहीत धरलेली आहे. गेल्या सव्वाशे वर्षांत वैद्यकशास्त्राने ती पार पालटून टाकली. हाड जिवंत असते, ते रोज झिजते व रोज घडते, त्याला रक्त लागते आणि रक्तही तेच घडविते, हे आता निर्विवाद ठरले आहे. या ज्ञानाची ज्यांना सर्वाधिक गरज आहे, असा एक समाज महाराष्ट्राच्या अगदी उंबरठ्यावर राहतो. त्याच्या हाडांतील वेदनेचा इतिहास हा या ज्ञानाच्याच इतिहासाचा एक अध्याय आहे.

आदिलाबादहून उटनूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर इंद्रवेल्ली हे गाव लागते. आज ते तेलंगणा राज्यात असले तरी मराठी माणसाला हा मुलूख परका नाही. निजामाच्या राज्यात किनवट व राजुरा हे भाग याच आदिलाबाद जिल्ह्यात होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते वेगळे झाले आणि आज ते अनुक्रमे नांदेड व चंद्रपूर जिल्ह्यांत मोडतात. सीमारेषा नकाशावर पडली. पण तिच्या दोन्ही बाजूंच्या गोंड, परधान व कोलाम घराण्यांतील सोयरसंबंध तिने तुटले नाहीत. इंद्रवेल्लीजवळच्या केसलापूर येथे पौष अमावास्येला नागोबाची यात्रा भरते. त्यापूर्वी मेश्राम कुळातील लोक पायी चालत जाऊन गोदावरीचे पाणी आणतात आणि त्या पाण्याने देवाची पूजा होते.

इंद्रवेल्लीचे नाव देशभर झाले ते मात्र एका दुःखद प्रसंगाने. जमिनीच्या हक्कांसाठी सभेला जमलेल्या गोंडांवर २० एप्रिल १९८१ रोजी पोलिसांनी गोळीबार केला. मृतांचा सरकारी आकडा १३ होता. लोकांच्या मते तो याहून कितीतरी मोठा होता. तेथील स्मारकस्तंभ त्या दिवसाची आठवण देत उभा आहे. त्या वेदनेचे वृत्त निदान छापून तरी आले. याच डोंगरांतून दुसरी एक वेदना पिढ्यान्‌पिढ्या घरोघर वावरत होती. तिला ना वृत्तपत्र मिळाले, ना नाव.

या प्रदेशाकडे अभ्यासकांचे लक्ष गेले ते १९४० साली कुमराम भीमचा उठाव होऊन गेल्यानंतर. ऑस्ट्रियात जन्मलेले मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे मारलवाई या गोंड खेड्यात येऊन राहिले आणि १९४८ मध्ये आदिलाबादच्या राजगोंडांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे मराठी इतिहासकार म्हणून नामांकित झालेले सेतुमाधवराव पगडी हेही त्या काळी हैदराबाद संस्थानच्या सेवेत असताना या जिल्ह्यात काम करीत होते. त्यांनी गोंडी भाषेचा अभ्यास केला आणि येथील गोंडांविषयी लिहिले. अशा लेखनातून गोंडांचे देव, त्यांची कुळे व त्यांच्या जमिनीचे प्रश्न जगापुढे आले. त्यांच्या रक्तात वसणाऱ्या आणि हाडांतून ठणकणाऱ्या व्याधीची नोंद मात्र तोवर हिंदुस्थानात कोणीच केलेली नव्हती.

ही व्याधी म्हणजे सिकलसेल. तिला रक्ताचा आजार म्हणतात आणि ते खरेही आहे. परंतु रोग्याला ती जाणवते ती प्रामुख्याने हाडांत. असे का व्हावे, हे समजण्यासाठी प्रथम हाडाच्या आत डोकावले पाहिजे.

आयुर्वेदाने सप्तधातू सांगताना अस्थी आणि मज्जा यांना एकमेकांशेजारी बसविले. अर्वाचीन शास्त्राने या शेजाराचा अर्थ उलगडला. हाडाच्या पोकळीतील तांबडी मज्जा हा रक्तपेशींचा कारखाना आहे. निरोगी प्रौढ माणसाची मज्जा दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी तयार करते आणि त्यांतील प्रत्येक पेशी सुमारे १२० दिवस जगते. तान्ह्या मुलाच्या बहुतेक सर्व हाडांत, अगदी बोटांच्या पेरांतही, ही तांबडी मज्जा असते. वय वाढते तशी ती हातापायांच्या टोकांकडून मागे हटते आणि प्रौढपणी मणके, बरगड्या, कवटी, कटी आणि मांडीच्या हाडाचा वरचा भाग एवढ्यांतच उरते. हाडाचा टणक भागही स्वस्थ बसलेला नसतो. काही पेशी जुने हाड खाऊन टाकतात, काही नवे रचतात. भिंत पाडणारे व भिंत बांधणारे गवंडी एकाच घरात कामाला असावेत, तसा हा प्रकार आहे. या सर्व उद्योगाला अखंड रक्तपुरवठा लागतो. तो अडला की हाडाचा तेवढा भाग मरतो.

आता या व्याधीचा शोध कसा लागला ते पाहू. १९०४ सालच्या डिसेंबरात शिकागो येथील एका रुग्णालयात वॉल्टर क्लेमेंट नोएल नावाचा विशीतला विद्यार्थी दाखल झाला. वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटावरून तो दंतवैद्यक शिकावयास आला होता. अर्नेस्ट आयर्न्स या तरुण डॉक्टराने त्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा गोल पेशींच्या जागी काही लांबट, विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी त्याला दिसल्या. त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये ही हकीकत प्रसिद्ध केली. नोएल शिक्षण पुरे करून मायदेशी परतला, तेथे त्याने दंतवैद्याचा व्यवसाय केला आणि १९१६ साली ऐन तारुण्यात न्यूमोनियाने त्याचा अंत झाला. अंग दुखून येण्याच्या त्याच्या तक्रारीला त्या काळी स्नायूंचा संधिवात समजले गेले होते. ही चूक पुढे जगभर असंख्य वेळा व्हावयाची होती.

१९२२ साली या आजाराला सिकलसेल ॲनिमिया हे नाव मिळाले. १९२७ मध्ये हान व गिलेस्पी यांनी दाखविले की, प्राणवायू कमी पडला म्हणजे या पेशी वाकतात आणि तो मिळाला की बऱ्याच पुन्हा सरळ होतात. १९४८ साली न्यूयॉर्कच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांच्या ध्यानात आले की, नवजात बालकांत वाकणाऱ्या पेशी फार थोड्या आढळतात; गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन त्यांचे रक्षण करीत असावे. लगोलग १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी या रोग्यांचे हिमोग्लोबिनच निराळे असल्याचे सिद्ध केले, आणि त्याच वर्षी जेम्स नील यांनी त्याची आनुवंशिकता स्पष्ट केली. १९५६-५७ मध्ये केंब्रिज येथे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी दोष नेमका कोठे आहे ते दाखविले. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ दुवे असतात. त्यांपैकी केवळ एक दुवा बदललेला असतो. माणसाच्या एका रोगाचे मूळ एका रेणूतील एका दुव्यापर्यंत पोहोचल्याचे हे पहिलेच उदाहरण होय.

मात्र एक गोष्ट विसरता कामा नये. शिकागोच्या सूक्ष्मदर्शकाच्या कितीतरी आधी आफ्रिकेतील लोक हा आजार ओळखून होते. घाना देशाचे डॉक्टर फेलिक्स कोनोटे-अहुलू यांनी आपल्या घराण्यातील त्याचा माग १६७० पर्यंत नेला. तेथील भाषांत या दुखण्याला जुनी, स्वतंत्र नावे आहेत आणि त्या नावांत हाडे-सांधे कुरतडले जाण्याचा ध्वनी उमटतो. शास्त्रज्ञांनी रक्त पाहिले. लोकांनी हाड ऐकले होते.

हिंदुस्थानात या पेशी प्रथम आढळल्या त्या १९५२ साली, दोन ठिकाणी. निलगिरीच्या डोंगरांतील आदिवासींत त्या लेहमान व कटबुश यांना दिसल्या, आणि आसामच्या चहामळ्यांतील मजुरांत डनलप व मजुमदार यांना. त्यानंतर १९५८ मध्ये नागपूरचे शुक्ल व सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकल लक्षणाविषयीचा आपला निबंध लंडनच्या ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला, आणि विदर्भाचे नाव या नकाशावर आले. पुढील संशोधनाने हा पट्टा गुजरातपासून महाराष्ट्र, मध्य प्रदेश व छत्तीसगड ओलांडून ओडिशापर्यंत पसरलेला असल्याचे दाखविले. आदिलाबादचे गोंड, परधान व कोलाम याच पट्ट्यात राहतात. गडचिरोलीत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनीही १९८० च्या दशकात या आजाराचा अभ्यास केला.

हा दोष नेमका याच लोकांत का रुजावा, याचे उत्तर १९५४ साली अँथनी ॲलिसन यांच्या आफ्रिकेतील अभ्यासाने मिळाले. ज्याला आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच हा दोष मिळतो, तो वाहक असतो. तो सहसा आजारी पडत नाही आणि प्राणघातक हिवतापापासून त्याचा बऱ्याच अंशी बचाव होतो. जेथे रानात हिवताप माजलेला, तेथे वाहक अधिक जगले आणि त्यांची संतती वाढली. म्हणजे हा दोष कोणाच्या पापाचे फळ नाही, की कोणत्या जातीचे हीनत्व नाही. पूर्वजांना जगविण्यासाठी निसर्गाने दिलेली ती ढाल आहे. दुःख एवढेच की, दोन ढाली एकाच बालकाच्या वाट्याला आल्या म्हणजे त्यांचे शस्त्र होते. दोघेही वाहक असलेल्या दांपत्याच्या प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याचा संभव चारांत एक असतो.

गोंडांत देवांच्या संख्येवरून कुळांचे गट ठरलेले आहेत आणि एका गटात विवाह होत नाही. हा नियम काटेकोर असला तरी या व्याधीपासून तो वाचवू शकत नाही. कारण हा दोष एका कुळापुरता राहिलेला नसून सर्वच कुळांत विखुरलेला आहे.

या पेशी हाडात काय घडवितात ते आता सहज समजेल. मज्जेतील वाहिन्या अरुंद असतात, रक्त तेथे संथ वाहते आणि प्राणवायू कमी असतो. पेशी वाकण्यास इतके पुरते. वाकलेल्या पेशी अडकतात, प्रवाह तुंबतो, आणि पुढच्या भागाची उपासमार सुरू होते. तीच ती असह्य कळ. तान्हे मूल सहा-आठ महिन्यांचे होते, गर्भातील हिमोग्लोबिन ओसरू लागते, आणि एके दिवशी त्याचे हातपाय सुजतात. मूल स्पर्श करू देत नाही. बोटांच्या पेरांतील मज्जा त्या वयात जागी असते, म्हणून आघात तेथे होतो. काही वर्षांनी मज्जा तेथून मागे हटली की ही सूजही पुन्हा येत नाही. मग पाळी येते लांब हाडांची, मणक्यांची. मणक्याचा मधला भाग खचतो आणि क्ष-किरणाच्या चित्रात तो माशाच्या तोंडासारखा दिसतो. इकडे वाकलेल्या पेशी दहा-वीस दिवसांतच मरत असल्याने त्यांची भरपाई करण्यासाठी मज्जा अहोरात्र राबते, फुगते, आणि भोवतालचे हाड पातळ करून टाकते. अशा दुबळ्या हाडात जंतू शिरले तर तेथे पू होतो.

सर्वांत क्रूर आघात खुब्यावर होतो. मांडीच्या हाडाच्या गोल माथ्याला रक्त नेणाऱ्या वाटा मोजक्याच आहेत. त्या बुजल्या की माथा आतून मरतो. वरून काही दिसत नाही. तरुण मनुष्य थोडा लंगडू लागतो, बसताना मांडी घालता येत नाही, आणि काही वर्षांत माथा चेपून जातो. ज्याचे पोट नांगरावर, डोक्यावरच्या मोळीवर आणि डोंगरातील पायवाटांवर अवलंबून आहे, त्याचा खुबा गेला म्हणजे संसाराचा आधारच गेला. असा तरुण धडधाकट दिसतो, म्हणून त्याला कामचुकार ठरविणे सोपे जाते. कोणी वात म्हणतो, कोणी बाहेरची बाधा म्हणतो. डॉक्टरही कधी संधिवात तर कधी हाडाचा क्षय समजतात. शिकागोतील नोएलच्या वाट्याला आलेलीच ही चूक होय.

या ज्ञानातून उपचार निघाले, ते कसे, हेही पाहण्याजोगे आहे. १९८६ साली अमेरिकेतील एका प्रयोगात लहान मुलांना रोज पेनिसिलीन दिल्याने विशिष्ट घातक जंतूंचा संसर्ग ८४ टक्क्यांनी घटला. मज्जेला गर्भातील हिमोग्लोबिन पुन्हा तयार करावयास लावता आले तर, हा जॅनेट वॉटसन यांच्या निरीक्षणातून निघणारा विचार हायड्रॉक्सियुरिया या जुन्याच औषधाने प्रत्यक्षात आणला. १९९५ साली २९९ प्रौढ रुग्णांवरील परीक्षणात वेदनेच्या झटक्यांची मध्यम संख्या वर्षाला ४.५ वरून २.५ वर आल्याचे दिसले. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. दीप्ती जैन व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखविले की, आपल्याकडील तीव्र आजाराच्या मुलांना दर किलो वजनास १० मिलिग्रॅम इतक्या अल्प, ठरावीक मात्रेनेही चांगला गुण येतो. मात्रा अल्प, म्हणून खर्च अल्प आणि वारंवार तपासणीचा त्रासही अल्प. खेड्यातील रोग्याच्या दृष्टीने या शोधाचे मोल फार मोठे आहे.

खुब्याच्या बाबतीत वेळ हेच औषध. आरंभी ओळख पटली तर भार कमी करणे व व्यायाम यांनी सांधा अधिक काळ टिकविता येतो. माथ्याला भोक पाडून आतील दाब कमी करण्याची शस्त्रक्रिया आहे. पण २००६ मधील एका तौलनिक अभ्यासात तीन वर्षांच्या देखरेखीनंतर केवळ व्यायामोपचारानेही जवळजवळ तितकाच लाभ झाल्याचे आढळले. माथा चेपलाच, तर कृत्रिम सांधा हा शेवटचा मार्ग उरतो. इंग्लंडचे जॉन चार्नली यांनी १९६० च्या दशकारंभी रूढ केलेली ही शस्त्रक्रिया आज सर्वत्र होते. १९८४ मध्ये मज्जारोपणाने एका मुलीचा सिकलसेल बरा झाल्याचे प्रसिद्ध झाले. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेने जनुकात दुरुस्ती करून रोग्याचीच मज्जा त्याला परत देण्याच्या उपचारास मान्यता दिली. त्याचा खर्च मात्र सामान्यांच्या आवाक्याबाहेरचा आहे.

भारत सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करावयाची आणि २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपवावयाचा, असा तिचा संकल्प आहे. त्याआधी कित्येक वर्षे नागपूरच्या सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाचे संपत रामटेके यांनी रुग्णांच्या हक्कांसाठी चिकाटीने काम केले. २०१८ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ज्यांना वेदना ठाऊक असते, त्यांनी मागणी केल्यावाचून शासनाचे लक्ष तिकडे वळत नाही, हाच त्यांच्या कार्याचा धडा आहे.

तपासणीनंतर हातात पडणारे कार्ड हा मात्र नाजूक विषय आहे. त्या कार्डावरून मुलीचे लग्न मोडले, सुनेला दोष दिला गेला, तर विज्ञानाने एका दुःखात दुसरे मिळविले असे होईल. दोष आईकडून येतो तसाच बापाकडूनही येतो. वाहक मनुष्य रोगी नव्हे. त्याने विवाह करावा, फक्त दोघांनी आधी एकमेकांची तपासणी माहीत करून घ्यावी, एवढेच शास्त्राचे सांगणे आहे. ते गोंडीत, तेलुगूत, मराठीत, ज्याला जी भाषा समजते त्या भाषेत आणि त्याची अप्रतिष्ठा न करता सांगितले गेले पाहिजे.

हे काम एकट्या डॉक्टराचे नाही. वर्गात वारंवार गैरहजर राहणारे, थंडीपावसात हातपाय दुखतात म्हणून कोपऱ्यात बसणारे मूल शिक्षकाच्या दृष्टीस प्रथम पडते. त्याला आळशी म्हणण्यापूर्वी एकदा त्याच्या रक्ताची तपासणी व्हावी. त्याला वर्गात पाण्याची बाटली ठेवू द्यावी, पावसात भिजू देऊ नये, आणि ताप आला तर दिवस न दवडता दवाखान्यात पोहोचवावे. या साध्या गोष्टींना कोणतेही यंत्र लागत नाही. मूल दुखते म्हणत असेल, तर ते खरेच दुखत आहे यावर आधी विश्वास ठेवावा लागतो.

पुढील पौषात केसलापूरच्या वाटेने गोदावरीचे पाणी पुन्हा येईल. ते घेऊन चालणाऱ्यांच्या मागे कोणी तरुण लंगडत राहिला असेल, तर सोबतच्यांनी थोडे थांबून त्याला विचारावे आणि यात्रा आटोपताच त्याला उटनूरच्या किंवा आदिलाबादच्या दवाखान्यात न्यावे. त्याचा खुबा वाचविण्याची वेळ कदाचित अजून गेलेली नसेल.